नळीचा काळा दोरा

आधी माफी मागतो. लिहिणे ज्यांचे काम आहे त्यांनी लिहावे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी साधे पोस्टकार्ड लिहिले नव्हते. आलेले कार्ड घेऊन बा गावच्या मास्तरांकडे जायचा आणि ऐकून घरी यायचा. मी आता अमरावतीच्या कॉलेजात शिकतो, म्हणून लगेच पुस्तकवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसावे हे मला बरे वाटत नाही. त्यातही विषय म्हणजे माझे स्वतःचे नाक. पण या नाकावर दोनदा ऑपरेशन झाले, आणि दोन्ही वेळच्या माणसांचे उपकार माझ्यावर आहेत. त्यातल्या एकाचे उपकार आम्ही सात वर्षे मानले नाहीत. उलट त्याला नावे ठेवली. ते कुठेतरी लिहून ठेवले पाहिजे असे वाटले, म्हणून हे धाडस.

माझ्याआधीची तीन भावंडे वर्षाच्या आत गेली. मी झालो तेव्हा मायने माझी उजवी नाकपुडी टोचून घेतली आणि तिच्यात पितळेची बाळी घातली. पोरगा असला की नजर लागते, पोरगी समजली तर तिच्याकडे कोणी पाहत नाही, अशी आमच्याकडची समजूत होती. आज त्या समजुतीची मला लाज वाटते. पण मायला तेव्हा मी जगायला पाहिजे होतो आणि तिच्या हातात तेवढेच होते.

आमचे गाव मूर्तिजापूरपासून दोन कोसांवर. बा दुसऱ्याच्या शेतात मजुरीने जायचा आणि हंगामात कापसातली सरकी काढायच्या जिनिंगमध्ये. मी दहा वर्षांचा असताना कापसाच्या गाडीत चढून कापूस तुडवत होतो. गाडीला बांधलेल्या बारदानाच्या सुतळीत बाळी अडकली, मी खाली उडी मारली आणि नाकपुडी फाटली. हळद भरून जखम बरी केली. पण ती बरी होताना आतून आवळत गेली. वर्षभरात त्या बाजूने श्वास येईना.

छप्पन साली पावसाळा संपता संपता बाने मला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर सडपातळ होते आणि फार हळू बोलायचे. त्यांनी आतले कडक झालेले मांस कापून वाट मोकळी केली आणि तिच्यात लाल रबराची नळी बसवली. पेन्सिलीएवढी जाड, बोटाच्या पेराएवढी लांब. नळी आत जाऊ नये, बाहेर पडू नये म्हणून तिच्या टोकाला दोरा ओवून तो मानेमागे बांधायचा होता. नर्सबाईंजवळ त्या दिवशी काळाच दोरा होता. तोच त्यांनी बांधला.

घरी सोडताना डॉक्टरांनी एका चिठ्ठीवर लिहून दिले: नळी तीन महिने ठेवणे, रोज मिठाच्या पाण्याने धुऊन लगेच परत घालणे. बाला आणि मायला त्यांनी ते तोंडी सांगितले. मग मला म्हणाले, "तू शाळेत जातोस ना? मग ही चिठ्ठी तुझ्याजवळ. जखम भरताना आवळते. नळी लवकर काढलीस तर मी केलेलं सगळं वाया जाईल. लक्षात ठेवायचं काम तुझं."

मी मान डोलावली. माझ्या हाती कोणी काम सोपवण्याची ती पहिली वेळ होती.

त्याच साली आम्ही बौद्ध झालो. नागपूरला आमच्या गावचे थोडेच लोक जाऊ शकले होते. उरलेल्यांसाठी दिवाळीनंतर गावातच कार्यक्रम ठेवला. अकोल्याच्या जुन्या शहरातून एक तरुण कार्यकर्ता आला होता. त्याने सगळे नीट समजावून सांगितले, आणि शेवटी म्हणाला की आता अंगावरचे गंडे, दोरे, ताईत उतरवा, कोणाच्या भीतीने काही बांधून घ्यायचे दिवस संपले. मधे एक टोपली आणि कैची ठेवली होती. लोक एकमेकांकडे पाहत राहिले. मनातून सगळ्यांची तयारी होती, पण पहिला हात कोणाचा, हा प्रश्न होता.

बा उठला. त्याच्या स्वतःच्या अंगावर काही नव्हते. मी जवळ बसलो होतो. त्याने मला उभे केले, सदरा वर केला आणि कमरेचा काळा करदोडा कैचीने कापला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग त्याचा हात वर माझ्या मानेकडे आला. तिथेही काळा दोरा होता. त्याच हाताने, त्याच कैचीने त्याने तोही कापला आणि ओढला. नळी दोऱ्यासोबत बाहेर आली. दोन्ही दोरे टोपलीत पडले.

मी बोलायला पाहिजे होते. चिठ्ठी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. पण सगळे माझ्याकडे पाहत होते आणि मी ताठ उभा होतो. आणखी एक कारण सांगतो, खरे आहे म्हणून. शाळेत पोरे मला आधी 'बाळीवाली' म्हणत. ऑपरेशनानंतर म्हणू लागली, "बाळीवाली गेली, नळीवाली आली." त्या टोपलीत नळी गेली तेव्हा मला हलके वाटले.

टोपली भरली. माणसांनी ती नेऊन नदीच्या डोहात रिकामी केली. घरी आल्यावर मायने विचारले, "अन् लेकराच्या नाकातली नळी कुठी गेली?"

बाने फेटा उतरवून खुंटीला लावला. मग म्हणाला, "मोकळं झालं नं नाक. जखम सुकली. आता कायची नळी?"

मायने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "हाव, येते वारा." त्या दिवशी खरोखरच येत होता.

दोन महिन्यांत नाकपुडी पुन्हा बुजली. ज्वारीचा दाणा जाईल एवढे भोक राहिले, मग तेही नाही. बा मला घेऊन अकोल्याला गेला. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिले.

"नळी ठेवली होती ना?"

"हाव साहेब," बा म्हणाला.

"पूर्ण तीन महिने?"

"हाव."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले नाही. पाहिले असते तर कदाचित मी बोललो असतो. ते आपल्याच हातांकडे पाहत म्हणाले, "मग माझंच काहीतरी चुकलं."

बा खोटे बोलणारा माणूस नव्हता. त्यामागचे कारण त्याने मला तेव्हा सांगितले नाही, पण गावात राहणाऱ्याला ते कळत होते. गावात आमच्यावर नाराज असलेले लोक होते. माझे नाक बुजलेले पाहून ते म्हणू लागले होते, "दोरे तोडले, देवानं नाक दाबलं." बाला त्यावर उत्तर पाहिजे होते. त्याने उत्तर दिले, "देवाचं काई नाई. अकोल्याच्या डाक्टरानं बिघडवलं." हे वाक्य तो सात वर्षे म्हणत राहिला. पाहुण्यांना सांगायचा, जिनिंगमध्ये सांगायचा. मला वाटते, पुढे पुढे त्याला ते खरे वाटू लागले. मी ऐकत असायचो आणि माझे पुस्तक उघडायचो.

मॅट्रिक झालो आणि त्रेसष्ट साली अमरावतीला कॉलेजात आलो. वसतिगृहात जागा मिळाली. पण हिवाळ्यात डावी नाकपुडीही चोंदायची. मग तोंडाने श्वास घ्यायचा, घसा सुकायचा, दोन वाक्ये सलग वाचता यायची नाहीत. बोलणे गेंगाणे. हजेरीला मी "यस सर" म्हटले की मागच्या बाकावर तसेच नाकातून तीन-चार "यस सर" उमटायचे. मला मास्तर व्हायचे होते. ज्याला वर्गात हजेरी देता येत नाही तो हजेरी घेणार कशी, हा विचार मनातून जात नसे.

एके दिवशी मराठीच्या सरांनी तास संपल्यावर थांबवून घेतले. मला वाटले, मीच वर्गात गोंधळ करतो असे त्यांना वाटत असेल. ते म्हणाले, "तुझी उत्तरं मी वाचतो. चांगली असतात. ती तुझ्या तोंडून ऐकायची आहेत मला. नाक दाखवलंस का कुणाला?" त्यांनीच इथल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली. चिठ्ठी मी घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. मागची चिठ्ठी आठवली.

डॉक्टर म्हणाले, वडिलांना घेऊन ये, सही लागेल. बा मूर्तिजापूरहून बडनेऱ्याला आणि तिथून अमरावतीला आला. धुतलेले धोतर नेसून, डोक्याला फेटा. दवाखान्याच्या बाकावर तो माझ्या शेजारी बसला आणि सहीच्या जागी अंगठा लावायची तयारी म्हणून बोट धोतराला पुसत राहिला.

डॉक्टरांनी कपाळावरचा आरसा खाली ओढून आत पाहिले. "आधी कुणी केलं होतं?"

"अकोल्याच्या डाक्टरानं," बा म्हणाला. "त्यायनंच बिघडवलं, साहेब."

"बिघडवलेलं दिसत नाही मला. कापलंय सुबक. नळी ठेवली होती?"

"होती."

"किती दिवस?"

"सांगतली होती तितके दिवस."

डॉक्टरांनी आरसा वर केला आणि हातातले हत्यार ताटलीत ठेवले. "मग मी हात लावणार नाही. नीट कापून, तीन महिने नळी ठेवूनही बुजलं असेल, तर याच्या कातडीचा गुणच तो. पुन्हा कापलं तर पुन्हा आवळेल, आधीपेक्षा जास्त. एक बाजू चालू आहे, तिच्यावर भागवा."

बाचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याचा गुडघा मात्र माझ्या गुडघ्याला लागून होता, आणि तो हलायचा थांबला. मला कळत होते की आता बोललो नाही तर हे नाक जन्मभर असेच राहणार. आणि बोललो तर बापाला सरकारी डॉक्टरसमोर खोटा ठरवणार.

"तीन महिने नव्हती, साहेब," मी म्हणालो. "सहाव्या आठवड्यात निघाली."

"निघाली की काढली?"

"काढली. मी काढली."

"खोटं बोलून राह्यला तो," बा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मी काढली, साहेब. कैची माह्या हातात होती."

"पण चिठ्ठी माझ्या खिशात होती," मी म्हणालो.

"तू लेकरू होता. गप राय."

डॉक्टरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिले. "कुणी काढली ते तुम्ही बापलेक बाहेर जाऊन ठरवा. मला एवढंच पाहिजे होतं की ती काढली. मग इलाज आहे. मंगळवारी उपाशी पोटी यायचं."

बाहेर आलो. बा पायरीवर बसला, तंबाखू काढली, पण मळली नाही.

"तवा सांगतलं असतं तं त्या लोकायले तोंड भेटलं असतं," तो म्हणाला. "आपल्या त्या दिवसाले मले डाग नव्हता लागू द्याचा."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसलो.

"मंग तो डाग उचलून त्या डाक्टराच्या अंगावर टाकला. त्यानं काय केलं होतं रे आपलं? त्यानं तं लेकराले वारा देल्ला होता."

मंगळवारी ऑपरेशन झाले. जुने कडक मांस पुन्हा काढले, आणि या वेळी आवळू नये म्हणून कानामागच्या कातडीचा तुकडा आत लावला. शुद्धीवर आलो तेव्हा कान आणि नाक दोन्ही ठणकत होते आणि नाकात पुन्हा नळी होती. नर्सबाई मानेमागे दोरा बांधायला आल्या. दोरा पांढरा होता.

बा खाटेजवळ उभा होता. म्हणाला, "बाई, काळा नाई का?"

"काळाच कशाला, बाबा? नजर लागू नये म्हणून?"

"नाई. नजर-बिजर आमी मानत नाई. काळा असला म्हंजे मले ध्यानात राहील."

बाईंना काही कळले नाही. पण त्यांनी शोधून काळा दोरा आणला. बाने तो हातात घेऊन पाहिला आणि परत दिला. ज्या माणसाने गावात पहिला काळा दोरा कापला, त्याने तो मागून घेतला. हे दृश्य मी बरेचदा आठवतो. मला तो त्या दिवशी जितका मोठा वाटला तितका टाळ्या वाजत होत्या तेव्हाही वाटला नव्हता.

तीन महिने मी नळी घालून वर्गात बसलो. माझ्या खोलीत राहणारा मुलगा दर्यापूरकडचा, तोंडाने फटकळ. रोज सकाळी उठला की विचारायचा, "काय, नळाले पानी आलं का?" मी चिडायचो. पण नळी धुवायला कोमट पाणी आणून ठेवणारा तोच. परीक्षेच्या दिवशी मी घाईत तसाच निघालो तर त्याने दारात अडवले. "आधी नळ धू. पेपर पळून नाई चालला." खानावळीतल्या बाई मिठाचे पाणी वेगळ्या गडव्यात उकळून ठेवायच्या आणि त्या गडव्याला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायच्या नाहीत. मी एकदा त्यांचे आभार मानायला गेलो तर म्हणाल्या, "पान्याचे कायचे आभार? जेवाले बस."

बा दर पंधरा दिवसांनी यायचा. खोलीत येऊन बसायचा नाही. दारातच मला पाठमोरे फिरवायचा, मानेमागचा दोरा पाहायचा, आणि म्हणायचा, "हाय." मग गाडीच्या वेळेपर्यंत दोघे बाहेर बसायचो. एकदा खोलीतल्या मुलाने त्याला विचारले, "काका, इतक्या लांबून एक दोरा पाहाले येता काहून?" बा म्हणाला, "एकदा पाह्यला नव्हता म्हून."

नळी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी मला डावी नाकपुडी दाबून श्वास घ्यायला सांगितले. वारा सरळ आत गेला, थंड आणि थोडा टोचणारा. मी पुन्हा घेतला. तिसऱ्यांदा घेतला. डॉक्टर म्हणाले, "पुरे, संपत नाही तो." मला त्यांचे आभार मानायचे होते. मी फक्त नमस्कार केला.

सुटीत घरी निघालो. मूर्तिजापूर स्टेशनावर उतरलो तर कसला तरी तेलकट, उबदार वास आला. कळायला वेळ लागला. जिनिंगच्या आवारातल्या सरकीचा वास होता. बाच्या कपड्यांना आयुष्यभर तो वास असणार आणि मला तो पुन्हा असा स्पष्ट आता, अठराव्या वर्षी समजत होता. घरी मायने माझ्या नाकासमोर तळहात धरला. "दोनीकून येते का?" म्हणाली, आणि बराच वेळ हात तसाच धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी बा म्हणाला, "चाल, अकोल्याले जाऊ."

आम्ही गेलो. दवाखान्यात ते डॉक्टर नव्हते. त्यांची बदली होऊन चार वर्षे झाली होती. औषधे देणारा माणूस म्हणाला, यवतमाळला गेले असतील. दुसरा म्हणाला, नाही, तिकडून पुढे चांद्याकडे. बा खिडकीशी उभा राहून दोघांचेही ऐकत होता. परत जाताना मोर्णा नदीच्या पुलावर थांबला आणि म्हणाला, "तुले लिवता येते नं?"

मी पत्र लिहिले. कोणाचे नाक, कोणत्या साली, काळा दोरा कसा कापला गेला, सगळे लिहिले. बा समोर बसून होता. म्हणाला, "माह्या नावानं लिव, का मी खोटं बोललो होतो. नळी मीनं काढली. तुमचं काई चुकलं नव्हतं." मी ते त्याच शब्दांत लिहिले. खाली माझी चूकही लिहिली, आणि बाने अंगठा उठवला. पत्र यवतमाळच्या दवाखान्याच्या पत्त्यावर टाकले.

उत्तर आले नाही. मी दुसरे पत्र चांद्याला टाकले. पावसाळा गेला, दिवाळी गेली. बा भेटला की विचारायचा, "आलं का?" मी नाही म्हणायचो. इकडे मी वर्गात उभा राहून धडा वाचू लागलो होतो. मागच्या बाकावर कोणी आवाज काढला नाही असे नाही, पण तो आता माझ्यासारखा येत नव्हता. चांगले दिवस होते. फक्त बाचा तो प्रश्न आला की मला पुन्हा ती चिठ्ठी खिशात असल्यासारखी वाटायची.

या फेब्रुवारीत अंतर्देशीय पत्र आले. अक्षर बारीक, थोडे थरथरते. मी ते घेऊन त्याच दिवशी गावी गेलो आणि ओट्यावर बसून बाला वाचून दाखवले.

डॉक्टरांनी लिहिले होते की आमचे पहिले पत्र दोन गावे फिरून त्यांना पावसाळ्यातच मिळाले होते. उत्तर त्यांनी मुद्दाम लांबवले. माझे नाक बुजलेले पाहिल्यानंतर त्यांनी ते ऑपरेशन करणे सोडून दिले होते. तसे कोणी आले की ते नागपूरला जा म्हणून सांगत, आणि सगळ्यांना नागपूरला जाणे जमत नसे. आमचे पत्र आले त्याच सुमारास त्यांच्याकडे एक आठ वर्षांची मुलगी आली होती, भाजून नाकपुडी बुजलेली. तिला त्यांनी नागपूरला पाठवले नाही. ऑपरेशन स्वतः केले, नळी घातली आणि दोरा पांढरा बांधला. तिच्या आईवडिलांना तीनदा बजावले. मग तीन महिने थांबले, आणि वर आणखी दोन महिने, कारण खात्री झाल्याशिवाय आम्हाला काही कळवायचे नव्हते.

बाने मला शेवटची ओळ दोनदा वाचायला लावली. ती अशी होती: "काल मुलीला पुन्हा तपासले; तिची नाकपुडी मोकळी आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी श्वास घेते."